छप्पन किलो, चौतीस इंच

"तुझं वजन काही फार नाहीये. थोडं कमी कर, पाळी आपोआप येईल." ही दोन वाक्यं मला एकाच डॉक्टरांनी, एकापाठोपाठ एक, मान वर न करता सांगितली होती. त्याआधीच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या होत्या. आणि त्याच्याही आधी आत्याने निदान केलं होतं की लग्न झालं की सगळं मार्गी लागतं. लग्न झालं. पाळी काही मार्गी लागली नाही. याला पीसीओएस म्हणतात (लोकांच्या तोंडी पीसीओडी), अंडाशय आणि हार्मोन्सचा हा एक विकार आहे, हे मला फार उशिरा कळलं.

वजन ५६ किलो, उंची १५५ सेंटिमीटर. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, काढला तर २३.३. जागतिक तक्त्यात २५ पर्यंत सगळं आलबेल असतं. भारतीयांसाठी मात्र २३ लाच रेघ मारलेली आहे, म्हणजे मी रेघेच्या जेमतेम पलीकडे. मला बघून कुणी जाड म्हणणार नाही. हातपाय काटकुळे, चेहरा लहान. पण पाळी तीन-तीन, चार-चार महिने गायब. हनुवटीखाली राठ केस. पार्लरमधली मुलगी भुवया झाल्या की न विचारताच दोरा घेऊन खाली वळायची. आणि पोट. जेवले नसले तरी पुढे आलेलं, दोन्ही हातांनी धरता येईल असं.

आमच्या शिंपीकाकांकडे एक लांबट वही आहे. नावापुढे छाती, कंबर, सीट, मुंढा, दंडघेर असे आकडे, आणि माप बदललं की जुना आकडा खोडून शेजारी नवा. माझ्या ओळीत दंडघेर कॉलेजपासून तोच. सीट ३६, तीही तीच. कंबर २८ खोडून ३०, ३० खोडून ३२, ३२ खोडून ३४. "ताई, तुमचं वरचं-खालचं माप हलत नाही, मधलंच हलतं," असं ते एकदा सुई तोंडात धरून म्हणाले. तेव्हा मला ते नुसतं लागलं. आता वाटतं, इतकी नेमकी नोंद माझ्या दवाखान्याच्या जाडजूड फायलीत कुठेच नव्हती. तिथे सगळीकडे फक्त वजन लिहिलेलं.

शेवटी एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून आमच्या पुण्यातल्याच एका एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टरांकडे, गेले. साठीच्या बाई, आवाज जरा मोठा. त्यांनी वजनकाट्याकडे बोट दाखवण्याआधी टेप काढली. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप धरायची, श्वास सोडायचा आणि पोट आत न ओढता माप घ्यायचं. आपण सगळ्याच टेप दिसली की पोट आत घेतो, त्यामुळे त्यांनी मला दोनदा टोकलं. ८६ सेंटिमीटर. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० च्या वर धोक्याचं धरतात. मग त्यांनी केस बाजूला करून माझी मान पाहिली.

मानेवरचा तो काळपट, जाडसर पट्टा दहावीपासूनचा. आईने त्यावर डाळीचं पीठ, हळद, लिंबाची फोड, सगळं घासून झालं होतं. "अगं घासू नकोस, तो मळ नाही. इन्सुलिन जास्त झालं की तिथली कातडी अशी जाड होते," डॉक्टर म्हणाल्या. इन्सुलिन हा शब्द मी डायबेटीसच्या संदर्भात ऐकला होता, आणि तोही कमी पडतं म्हणून. जास्त होतं हे नवीन.

मग तपासण्या. पाळी आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्त द्यायचं होतं, पण पाळी येईल तेव्हा ना! त्यामुळे आधी ती आणण्याच्या गोळ्या. थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे आधी पाहिलं, कारण त्यांच्या गडबडीतही अशीच लक्षणं दिसू शकतात आणि ती बाजूला काढल्याशिवाय पीसीओएसचा शिक्का मारायचा नसतो. रॉटरडॅममध्ये २००३ साली ठरलेले निकष अजून चालतात: अनियमित पाळी, अँड्रोजेन, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी हार्मोन्स, जास्त असल्याची खूण (रक्तात किंवा अंगावर), आणि सोनोग्राफीत अंडाशयात अर्धवट वाढून थांबलेली पुष्कळ बीजपुटं, तीनपैकी दोन हवेत. माझ्याकडे तिन्ही होते. सोनोग्राफीच्या कागदावर खाली आणखी एक ओळ होती, "ग्रेड वन फॅटी लिव्हर". तीच ओळ दोन वर्षांपूर्वीच्या रिपोर्टवरही होती. तेव्हा मी विचारलं होतं, तर "आजकाल सगळ्यांनाच असतं" असं उत्तर मिळालं होतं.

ग्लुकोजची तपासणी आठवली की अजून घशाशी येतं. उपाशीपोटी रक्त द्यायचं, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत संपवायचं. लिंबू पिळायला नर्सने परवानगी दिली, तरी शेवटचा अर्धा ग्लास नाक दाबूनच गेला. नंतर दोन तास एका जागी बसायचं. फिरायला जायचं नाही, कारण चाललं की स्नायू साखर ओढून घेतात आणि आकडा खोटा येतो. (हे वाक्य तेव्हा कानाआड गेलं. पुढे तेच सगळ्यात उपयोगी पडलं.) उपाशीपोटीची साखर ९४, एकदम शहाणी. दोन तासांनंतरची १५२. १४० च्या आत असायला हवी होती. दरवर्षी ऑफिसच्या आरोग्य तपासणीत फक्त उपाशीपोटीची साखर बघतात आणि मला हिरवी टिकमार्क मिळत होती.

उपाशीपोटीचं इन्सुलिन १९ आलं. त्याला ९४ ने गुणून ४०५ ने भागलं की ४.४ येतात; हा आकडा जितका मोठा, तितकी शरीराची इन्सुलिनला दाद कमी. हा हिशेब मी घरी मोठ्या उत्साहाने केला, आणि डॉक्टरांनी तो फारसा मनावर घेतला नाही. इन्सुलिनचा आकडा प्रयोगशाळेगणिक हलतो, त्यावर निदान ठरवायचं नाही, दोन तासांची साखर आणि टेप जास्त बोलतात, असं त्यांचं म्हणणं. त्या थांबल्या ते वेगळ्याच ओळीवर.

टेस्टोस्टेरॉन ४८ नॅनोग्रॅम, प्रयोगशाळेने दिलेल्या चौकटीत. पूर्वी एवढंच पाहून माझ्या फायलीत "हार्मोन्स नॉर्मल" लिहिलं गेलं होतं. पण त्याखाली एसएचबीजी होतं, १८. हे यकृतात तयार होणारं प्रथिन. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन ते पकडून ठेवतं, आणि पकडलेलं टेस्टोस्टेरॉन पेशींवर काम करू शकत नाही. एसएचबीजी कमी झालं की एकूण आकडा तोच राहूनही मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. डॉक्टरांनी कागदाच्या कडेला भागाकार केला: ४८ नॅनोग्रॅम म्हणजे साधारण १.६७ नॅनोमोल, भागिले १८, गुणिले शंभर. नवाच्या वर. पाचाच्या वर गेलं की जास्त धरायचं. हनुवटीवरच्या केसांचा जबाब अखेर कागदावर आला.

"पण याचा पोटाशी काय संबंध?" मी विचारलं. मला खरं तर तेवढंच जाणून घ्यायचं होतं. पाळी नाही आली तर कुणाला दिसत नाही; पोट सगळ्यांना दिसतं, आणि दिसलं की सगळे बोलतात.

त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर वाचून पक्कं केलं, आणि मला समजलं ते असं. इन्सुलिनचं काम स्नायूंना, यकृताला, चरबीला "साखर आत घ्या, साठवा" असं सांगण्याचं. पीसीओएस असलेल्या पुष्कळ बायकांमध्ये, अगदी बारीक बायकांमध्येसुद्धा, स्नायूंना हे नीट ऐकू येत नाही. घरातलं कुणी हाक ऐकत नसलं की आई जसा आवाज चढवते, तसं स्वादुपिंड मग इन्सुलिन वाढवतं. साखर ताब्यात राहते, रिपोर्ट चांगला येतो. पण शेजारच्यांचे कान शाबूत असतात. अंडाशयाला हा चढलेला आवाज पुरेपूर ऐकू जातो, आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीकडून येणाऱ्या एलएच या हार्मोनच्या जोडीने तिथल्या थीका पेशी जास्त अँड्रोजेन बनवू लागतात. यकृतही तेच इन्सुलिन बघून एसएचबीजी कमी करतं. म्हणजे एकीकडून टेस्टोस्टेरॉनची बनावट वाढली, दुसरीकडून त्याचा पहारा उठला.

आता चरबी. इस्ट्रोजेनच्या अंमलाखाली बायकांची चरबी मुख्यतः नितंब आणि मांड्यांवर, कातडीखाली साठते, आणि ती तुलनेने निरुपद्रवी असते. मोकळं अँड्रोजेन वाढलं की साठवणीचा कल पोटाकडे, आतड्यांभोवतीच्या चरबीकडे झुकतो. शिवाय पोटावरच्या कातडीखालच्या पेशी एकदा साठवलेलं सोडायला खळखळ करतात. उपाशी राहिलं, पळालं की अॅड्रिनॅलिन "सोड" म्हणतं, त्याला त्या पुरेशी दाद देत नाहीत. पेशी संख्येने वाढण्याऐवजी आकाराने फुगतात, आणि अशा फुगलेल्या पेशींमधून इन्सुलिनला मदत करणारं अॅडिपोनेक्टिन कमी सुटतं. आतली चरबी जे स्निग्धाम्ल सोडते ते सरळ यकृतात जातं. म्हणून ती "ग्रेड वन"ची ओळ. यकृतात चरबी साचली की एसएचबीजी आणखी घटतं.

मला सगळ्यात जास्त धक्का देणारी गोष्ट पुढची होती. चरबी ही नुसती कोठी नाही, ती स्वतःच टेस्टोस्टेरॉन बनवते. तिच्यात एकेआर१सी३ नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं. ते रक्तातून आलेल्या अँड्रोस्टेनडायोन या सौम्य अँड्रोजेनचं टेस्टोस्टेरॉन करतं, आणि त्या विकराला जोर देतं पुन्हा इन्सुलिनच. बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी २०१७ मध्ये पीसीओएस असलेल्या बायकांच्या चरबीत हे दाखवलं. म्हणजे माझं पोट हे या सगळ्याचा परिणाम होतं, तसंच कारणांपैकीही एक होतं. "थोडं वजन कमी कर" या सल्ल्यात तथ्य होतं, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागलं. फक्त तो देणाऱ्याने चरबी कुठली, ती का हटत नाही, आणि काटा न हलता ती घटू शकते का, यातलं काही सांगितलं नव्हतं.

बारीक दिसूनही हे कसं, याचं एक उत्तर पुण्यातच आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा दोघांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. त्याच केईएमच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांमधल्या बाळांची मापं इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली होती: आपली सरासरी २.७ किलोची, त्यांची ३.५ किलोची, पण कातडीखालची चरबी आपल्या बाळांनी वजनाच्या मानाने चांगलीच राखलेली. कमी पडले होते ते स्नायू. माझं जन्माचं वजन सव्वादोन किलो. यावरून माझ्याबाबतीत काही सिद्ध होत नाही, पण "तू तर बारीक आहेस, तुला कसं काय पीसीओडी" या प्रश्नावर मी आता हा फोटो दाखवते.

उपचारात नाट्यमय काही नव्हतं. हळूहळू सुटणारी मेटफॉर्मिनची गोळी (मूळची डायबेटीसची, इन्सुलिनचं काम सुधारणारी) रात्रीच्या जेवणासोबत, आधी ५०० मिलिग्रॅम, मग वाढवत. सुरुवातीचे आठवडे पोट इतकं बिघडलेलं असायचं की मी ऑफिसला जाताना रस्त्यावरची स्वच्छतागृहं हेरून ठेवली होती. नंतर बसलं. दीर्घकाळ घेतलं तर बी-१२ उतरतं, त्यामुळे तेही बघायचं; शाकाहारी घरात तर नक्कीच. संततिनियमनाच्या गोळ्यांबद्दल माझ्या मनात राग होता, कारण विशीत त्या वर्षभर दिल्या आणि थांबवल्यावर सगळं जागच्या जागी. डॉक्टरांनी तो राग थोडा उतरवला. त्या गोळ्या एसएचबीजी वाढवतात, त्यामुळे केस-मुरुमांना उपयोग होतो. आणि पाळी महिनोन्‌महिने न येणं नुसतं गैरसोयीचं नसतं. गर्भाशयाचं अस्तर न पडता जाड होत राहतं, आणि पुढे त्याचा कर्करोगापर्यंत धोका असतो. तीन महिन्यांच्या वर गेलं तर काहीतरी करून ते पाडावंच लागतं. मूळ आजार त्या गोळ्या बरा करत नाहीत, इतकंच. मी मेटफॉर्मिनवर राहिले, आणि पाळी लांबली तर प्रोजेस्टेरॉन.

खाण्यात आहारतज्ज्ञ बाईंनी सकाळचा चहा-बिस्किटं हाच पहिला बळी घेतला. पोहे बंद नाही केले, पण त्यात पोह्यांइतकेच मटार-गाजर-शेंगदाणे आणि सोबत उकडलेलं अंडं. जेवताना क्रम बदलायचा: आधी काकडीची कोशिंबीर, मग मटकीची उसळ किंवा पिठलं, भाकरी त्याच्यासोबत, आणि भात शेवटी मूठभर. तेच ताट, तेच पदार्थ, पण साखर सावकाश चढते. नवऱ्याने पहिल्या दिवशी "वरणभात आधी नाही?" असं इतक्या करुण आवाजात विचारलं की मी त्याला त्याच्या क्रमाने जेवू दिलं.

आणि शतपावली. ज्या कारणाने तपासणीच्या दिवशी मला खुर्चीत बसवून ठेवलं होतं, तेच कारण. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा साखर आत घेणारी दारं इन्सुलिनच्या हाकेशिवायही उघडतात. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललं की कमी इन्सुलिनमध्ये काम भागतं, आणि अंडाशयाला तेवढं कमी ऐकू जातं. आजोबा जेवण झालं की वाड्याच्या चौकात फेऱ्या मारायचे आणि आम्ही हसायचो.

वजनं उचलण्याला मात्र मी पुष्कळ दिवस टाळाटाळ केली. आधीच हनुवटीवर केस, त्यात दंड फुगले तर! तसं होत नाही. माझ्या शरीरात स्नायू मुळातच कमी होते, आणि साखर रिचवायला जागा तीच. जिममधल्या प्रशिक्षक मुलीने मला रिकाम्या दांड्यावर स्क्वॉट शिकवला आणि दर थोड्या दिवसांनी एक चकती चढवत गेली. त्याच जिममध्ये काउंटरवर "कॉर्टिसॉल बेली" (म्हणे ताणाच्या हार्मोनमुळे सुटलेलं पोट) उतरवणारी पावडर विकायला होती, डब्यावर एका सपाट पोटाच्या बाईचं चित्र. किंमत माझ्या तीन महिन्यांच्या मेटफॉर्मिनपेक्षा कितीतरी जास्त. पीसीओएसच्या नावावर असा बाजार बराच मोठा आहे, आणि पोटाच्या लाजेवर तो चालतो.

काट्याने मला जवळजवळ दाद दिली नाही. वर्ष होत आलं तेव्हा वजन ५४.५. एवढं तर एखाद्या तापातही उतरतं. टेपवर मात्र ७९. ग्लुकोज पुन्हा प्यायले, तेव्हा दोन तासांनंतरची साखर १२७. एसएचबीजी १८ वरून ३१. टेस्टोस्टेरॉनचा एकूण आकडा थोडाच उतरला, पण भागाकार पाचाच्या आसपास आला. पाळी आता पाच-साडेपाच आठवड्यांनी येते, कधी चुकते. सोनोग्राफीत यकृताची ओळ नव्हती, अंडाशयाची होती. ती बहुतेक राहील.

न बदललेल्या गोष्टी सांगायला हव्यात, कारण त्या कुणी मला सांगितल्या नव्हत्या. राठ झालेला केस हार्मोन उतरलं म्हणून पुन्हा मऊ लव होत नाही. नवे येणं कमी होतं, जुन्यांसाठी लेझरच करावं लागतं, आणि ते अधूनमधून पुन्हा. पोट सपाट झालेलं नाही. कामाचा ताण आणि अपुरी झोप असे दोन-तीन आठवडे गेले की टेप लगेच पुढे सरकते. आणि ज्या बायकांचं वजन खरोखरच जास्त असतं त्यांना पाच ते दहा टक्के घटल्यावर पाळीत फरक पडतो हे खरं असलं, तरी तेवढं घटवणं त्यांच्यासाठी माझ्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. वर सांगितलेलं सगळं चक्र त्यांच्याविरुद्ध जास्त जोरात फिरत असतं. त्यांना "तोंडावर ताबा ठेव" म्हणणाऱ्यांनी एकदा तरी त्यांचा इन्सुलिनचा रिपोर्ट बघावा.

याच सगळ्यात एक वेगळंच प्रकरण निघालं. माझ्या ग्लुकोजच्या दुसऱ्या तपासणीला आई सोबत आली होती. डॉक्टर माझ्याशी बोलत होत्या आणि नजर आईच्या मानेवर. "तुम्हाला पाळी वेळेवर यायची का हो?" आई म्हणाली, आमच्या वेळी कोण मोजत होतं. हे घराण्यात चालतं, आणि पाळी गेली म्हणून इन्सुलिनचा भाग जात नाही. आईला पुढच्या आठवड्यात ग्लुकोज प्यायला लावलं. दोन तासांनंतरची साखर २१८ आणि एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांतल्या सरासरी साखरेची खूण) ६.९, म्हणजे डायबेटीसच. तिने आयुष्यात कधी साखरेची तपासणी केली नव्हती, कारण ती बारीक आहे.

आता आम्हा दोघींच्या गोळ्या एकच. फोनवर भाज्यांपेक्षा आकड्यांच्या गप्पा जास्त होतात. भाताचा क्रम तिने निमूट मान्य केला, शतपावली तर ती आधीपासून घालतेच. भांडण चतुर्थीवरून. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, पोटात गेला की त्याची साखरच होते, हे मी तीनदा समजावलं. "मग उपासाला काय दगड खाऊ?" असं तिचं म्हणणं. सध्या अर्धी वाटी भगर आणि दाण्याची आमटी हवी तितकी, यावर तह झाला आहे. खिचडी फक्त आषाढीला, आणि तीही ती मला न विचारता करणार आहे, हे तिने आधीच सांगून ठेवलंय.